तळणीचे ग्रहण

दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सॲपवर तोच निरोप फिरू लागतो. हेलियम वायूचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने तेथे बसून तो लावला, आणि ज्यावर त्याची दुर्बीण होती तो 'साहेबाचा कट्टा' अजून तेथे आहे. कट्टा आहे हे खरे. मात्र १८६८ साली लॉकियर भारतात नव्हतेच. त्या ग्रहणात फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गावर ते आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. 'मेलपोमिनी' नावाच्या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांनी हाताखाली घेतले आणि त्यांना निरीक्षणाचे धडे दिले. कट्टा त्या वेळचा.

मी बी.ए. मराठीवाली. शाळेत जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. वर्णपट वगैरे माझा प्रांत नव्हे, पण सनावळीत कुणी तीस वर्षांची चूक केली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो! म्हणून या विषयाच्या मागे लागले, आणि त्यात मला विजयदुर्गापेक्षा घराजवळचे काहीतरी सापडले. ते सांगण्यासाठी हा लेख.

२२ जानेवारी १८९८. पौष अमावस्या, वार शनिवार. त्या दुपारी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर चढली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात, तिथून वर्धा-नागपूरच्या बाजूने ईशान्येला शहडोलकडे गेली. सावलीचा पट्टा काही शंभर किलोमीटरही रुंद नव्हता, पण थंडीचे दिवस, आकाश निरभ्र, आणि मुंबई-नागपूर लोहमार्ग नेमका त्या पट्ट्यात शिरणारा. जड यंत्रे घेऊन येणाऱ्या परदेशी मंडळींना आणखी काय हवे? वर्धा नदीकाठच्या पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स उतरले. स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड मध्य प्रांतात घोगलीला. इंग्लंडचे राजज्योतिषी ख्रिस्ती शहडोलला. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारून बसले.

जेऊरला आपलेही एक गृहस्थ होते, आणि त्यांचे नाव मराठी घरांत कुणाला माहीत नसते. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले पारशी प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिथे 'महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा' उभी राहिली होती आणि तिच्यातली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. तो काळही आठवा. पुण्यात प्लेग, सहा-सात महिन्यांपूर्वी रँडचा वध झालेला, टिळक तुरुंगात. इकडे मध्य प्रांत दुष्काळातून नुकताच बाहेर पडत होता. अशा दिवसांत हे गृहस्थ यंत्रे घेऊन जेऊरला जातात, ग्रहणाचा वर्णपट टिपतात आणि पुढे १९०२ साली त्याचा सविस्तर अहवाल छापतात. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला रवाना! एक माणूस गेला की संस्था मिटते, हे काही आजचे नाही.

आता तळणी. नागपूरहून बडनेऱ्याकडे जाताना पुलगाव गेले, वर्धा नदीचा पूल ओलांडला की हे छोटे स्टेशन लागते. पुढे धामणगाव. मी या मार्गाने किती वेळा गेले असेन, मोजदाद नाही. गाडी धडधडत निघून जाते आणि पिवळी पाटी वाचायलाही फुरसत मिळत नाही.

इथे उतरली होती ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी. ही १८९० साली स्थापन झालेली संस्था, मुख्यतः हौशी मंडळींची, आणि तिथे बायकांना पहिल्यापासून प्रवेश होता. (त्यांच्या रॉयल सोसायटीने, म्हणजे खगोलवाल्या रॉयल सोसायटीने, बायकांना दार उघडले ते १९१६ साली.) तुकडीत ग्रीनिचचे वॉल्टर माँडर होते, जॉन एव्हरशेड नावाचे तेव्हाचे एक हौशी अभ्यासक होते, आणि माँडरांची पत्नी ॲनी.

या ॲनीबाईंची हकिकत मी दोन-तीनदा वाचली. आयर्लंडमधल्या स्ट्रॅबेनची मुलगी, केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली. मग शाळेत गणिताची बाई झाली, वर्षाला ८० पौंडांवर. १८९१ मध्ये ग्रीनिच वेधशाळेत गेली तेव्हा महिन्याला ४ पौंड, म्हणजे शाळेपेक्षा बराच कमी पगार. तरी गेली. काम होते आकडेमोडीचे आणि रोज सूर्याचे फोटो काढण्याचे. १८९५ मध्ये माँडरांशी लग्न झाले आणि नोकरी संपली, कारण विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत ठेवायचे नाही असा नियम होता. सूर्य तोच, काच तीच, हात तोच, फक्त नाव बदलले म्हणून दार बंद. वाचून माझा जीव चरफडला.

गर्टनकडून मिळालेल्या अनुदानातून तिने एक छोटा कॅमेरा करून घेतला होता. भिंग जेमतेम दीड इंचाचे. मुळात तो आकाशगंगेचे फोटो काढण्यासाठी. तोच तिने तळणीला आणला. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांत तिच्या काचेवर सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक किरण उमटला, सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब. तोपर्यंत कुणाच्याही फोटोत इतका लांब किरण आला नव्हता. चाळीस फुटी कॅमेरा जेऊरला, राजज्योतिषी घोगलीला आणि शहडोलला, आणि हा किरण सापडला तळणीला, नोकरीवरून घालवलेल्या बाईच्या दीड इंची भिंगाला!

यात योगायोग नाही, कारण आहे. ते मला मुलाने समजावले, मी माझ्या भाषेत सांगते. वाटीभर वरण परातीत ओतले तर तळ जेमतेम ओला होतो, वाटीतच राहिले तर बोट बुडते. प्रकाशाचे तसेच. चाळीस फुटी कॅमेऱ्यात सूर्याचे बिंब सुमारे साडेचार इंचांचे पडते. जवळचे बारकावे त्यात सुंदर दिसतात, पण प्रभामंडलाचा बाहेरचा भाग मुळातच अतिशय मंद, त्याचा प्रकाश एवढ्या जागेत पसरला की काचेवर काही उमटतच नाही. ॲनीबाईंच्या आखूड कॅमेऱ्यात बिंब ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, म्हणून तो मंद प्रकाश एकवटून पडला. आकाशगंगेचा धूसर उजेड टिपायला जे लागते तेच इथे लागले, आणि ती ते जाणून होती. असोसिएशनने १८९९ मध्ये 'द इंडियन एक्लिप्स' नावाचे पुस्तक काढले, त्यात तळणीची सगळी हकिकत आहे.

तळणीचेच एव्हरशेड पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. १९१२ साली नायगमवालांची दुर्बीण तिथे पोचली तेव्हा संचालक तेच होते. एकाच सावलीत एक जेऊरला उभा होता, एक तळणीला, आणि चौदा वर्षांनी एकाची दुर्बीण दुसऱ्याच्या अंगणात.

त्या शनिवारी तळणी-पुलगावच्या घरांतल्या बायका काय करत असतील ते सांगायला पुस्तक नको. पाण्यात तुळशीपत्र, चूल बंद, गरोदर बाई आतल्या खोलीत. कारण ८२ वर्षांनी, १६ फेब्रुवारी १९८० ला (योगायोगाने तोही शनिवारच) आमच्या घरी हेच होते. नागपूरला ग्रहण खंडग्रास होते. मला सहावा महिना. सासूबाईंनी जेवणानंतर आतल्या खोलीत निजवले, विळी-सुरी-कात्री सगळे उचलून नेले, खिडकी लावली आणि बजावले की हलायचे नाही. मी शिकलेली, शिकवणारी, पण सासूबाईंच्या डोळ्यांत खरी भीती होती आणि मी गप्प राहिले. वहिनी, तुला आठवत असेल, तू पाणी द्यायला आलीस आणि तुलाही दारातूनच परत पाठवले.

पण खिडकी जुनी, पश्चिमेची. झडपेच्या फळीला दोन-तीन बारीक भोके. एरवी त्यांतून समोरच्या भिंतीवर उन्हाचे गोल कवडसे पडायचे. त्या दिवशी ते हळूहळू एका बाजूने झिजत गेले आणि भिंतीवर चंद्रकोरी उमटल्या. तीनही कोरी एकाच बाजूला तोंड करून! सगळे शहर दारे लावून बसलेले आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या अख्खे ग्रहण पाहिले. कॅमेऱ्याचा जन्मच अशा अंधाऱ्या खोलीतून झाला, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या वेळी एवढेच वाटले की पोटातल्याला दाखवता आले असते तर बरे.

तो मे महिन्यात झाला, नाक-कान-ओठ सगळे जागच्या जागी. सासूबाईंनी त्याचे श्रेय अर्थात त्या बंद खोलीला दिले.

आता तो दुबईत असतो आणि त्याला चंद्राच्या फोटोंचे वेड आहे. गच्चीवरून काढतो. त्याच्याकडून मला कळले की पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हात ठेवलेला दगड, त्याचा फोटो दिवसा काढल्यासारखाच काढायचा. मोबाईलला भोवतीचा काळोख दिसतो, तो उजेड वाढवतो आणि आपल्याला मिळते पांढरी बशी. पडद्यावर चंद्रावर बोट ठेवून उजेड खाली ओढला की डाग दिसू लागतात. मी करून पाहिले, जमते. ग्रहणात मात्र उलट. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री चंद्र सुमारे ८२ मिनिटे खग्रास होता आणि तेव्हा तोच दगड हजारो पटींनी मंद झालेला. कॅमेऱ्याचे झाकण सेकंद-दोन सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि फार ठेवले तर चंद्र सरकतो, कारण दोन मिनिटांत तो स्वतःच्या व्यासाएवढा पुढे जातो. त्याने पाठवलेल्या चाळीस फोटोंत एक अप्रतिम आहे, तांब्याच्या जुन्या पैशासारखा. बाकीचे सगळ्या नातेवाइकांना मिळालेच आहेत, त्याबद्दल मी बोलत नाही.

२ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून अधिक खग्रास सूर्यग्रहण आहे. तळणीच्या तिप्पट! तो जाणार आहे, मलाही चल म्हणतो. गुडघे काय म्हणतात ते तेव्हा पाहू. तूर्त त्याच्या सामानाची यादी आली आहे, तिच्यात हाताएवढी लांब एक लेन्स आहे. मी उत्तर पाठवले की ती ने, पण एक आखूडही बरोबर असू दे, आणि कारण विचारलेस तर तळणीचे स्टेशन नकाशावर शोध.