विद्युत् अग्र : एका दुर्लक्षित स्पर्शाचा इतिहास

विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण यंत्रांची नावे लक्षात ठेवतो. यंत्र शरीराला जिथे टेकते ती जागा मात्र विसरतो. हृदयाच्या विद्युत् आलेखाचा, म्हणजे आपण ज्याला सर्रास 'कार्डिओग्राम' म्हणतो त्याचा, इतिहासही बहुधा असाच सांगितला जातो. मराठी विश्वकोशाने 'इलेक्ट्रोड'साठी 'विद्युत् अग्र' हा शब्द योजला. 'अग्र' म्हटले की टोक डोळ्यांपुढे येते. पण त्वचेला इजा न करता शरीराचे विद्युत् संकेत टिपणारे हे साधन टोकापेक्षा उंबरठ्यासारखे अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

उंबरठ्याच्या अलीकडे शरीरातील क्षारयुक्त द्रव. तिथे विद्युत् आयनांच्या रूपाने वाहते. पलीकडे धातूची तार. तिथे ती इलेक्ट्रॉनांच्या रूपाने वाहते. मध्ये त्वचेच्या मृत पेशींचा पातळ थर. हृदयाचा संकेत त्वचेपर्यंत येईतो जेमतेम एक मिलिव्होल्ट उरतो, मेंदूचा तर त्याच्याही लहानशा अंशाइतका. उलट धातू आणि द्रव यांच्या भेटीतच शेकडो मिलिव्होल्टचा दाब निर्माण होतो. तो स्थिर राहिला तर वजा करता येतो. रुग्ण जरा हलला की तो बदलतो आणि आलेख भरकटतो. विद्युत् अग्राच्या सुधारणेचा सारा इतिहास म्हणजे हा उंबरठा शांत ठेवण्याची धडपड होय.

ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात मानवी हृदयाचा पहिला विद्युत् आलेख नोंदवला. पुढे लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी तारेचा गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला आणि १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांच्या पद्धतीत रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय मीठपाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. मीठपाणी त्वचेला घट्ट बिलगते, म्हणून संकेत स्वच्छ येई. पण अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या रुग्णाचे काय? १९२० च्या सुमारास हातापायांना बांधायच्या धातूच्या पट्ट्या आल्या, १९३० नंतर छातीला चिकटणारे रबरी फुग्याचे पेले आले. चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा लेप देण्याच्या युक्तीने तो चंचल दाब बराच स्थिरावला. जेल लावलेली, एकदा वापरून टाकून द्यायची चिकटपट्टी ही त्याच परंपरेतील. प्रत्येक पायरीवर यंत्र रुग्णाच्या जवळ सरकले, हे ध्यानात घ्यावे.

या इतिहासाला महाराष्ट्राचीही पाने आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने शरीराचा विद्युत्-रोध मोजून रक्ताभिसरण जोखणारी उपकरणे घडवली. या तंत्रात बाहेरच्या दोन विद्युत् अग्रांतून सूक्ष्म प्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंनी दाब मोजतात. त्यामुळे त्वचेच्या संपर्काचा अडथळा मोजमापात जवळजवळ येतच नाही. याच केंद्राने हातात मावणारे, मोबाइलवरून आलेख पाठवणारे बारा वाहिन्यांचे ईसीजी यंत्रही विकसित केले. पवईच्या आयआयटीत 'सिलिकॉन लॉकेट' या नावाने अंगावर वागवायच्या ईसीजी नोंदयंत्रावर काम झाले. लॉकेट गळ्यात घालून माणूस चालणार, जिने चढणार. तेव्हा खरी कसोटी पुन्हा त्या उंबरठ्याचीच.

आता प्रश्न असा की, हा उंबरठा कोणाच्या देहाच्या मापाने घडवला जातो? मेंदूच्या आलेखाचे उदाहरण बोलके आहे. डोक्यावर विद्युत् अग्रे कुठे ठेवावीत याची '१०-२०' पद्धत १९५८ मध्ये प्रमाण ठरली. पण दाट, कुरळ्या केसांतून ती टाळूपर्यंत नीट पोहोचत नाहीत, ही अडचण दीर्घकाळ रुग्णाच्या केसांच्या माथी मारली गेली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात अर्नेल एटियेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या सुमारास वेण्यांच्या रांगांमध्ये बसणारी विद्युत् अग्रे रचली. केस तेच होते. दोष कोणाचा, याचे उत्तर बदलले.

आम्ही उल्हासनगरात राहून हे लिहितो. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे गाव. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याचे नामकरण झाले. कॅम्प ५ मध्ये पत्र्याच्या छपराखाली जीन्स शिवणाऱ्या कामगाराच्या घामेजल्या छातीवर चिकटपट्टी कितपत टिकेल? छाती उघडी करण्यास संकोचणाऱ्या वृद्धेचा आलेख कसा निघेल? हे प्रश्न तंत्रज्ञांइतकेच आपलेही आहेत. साहित्याच्या वर्गात आपण विचारतो की, संहितेत कोणाचा आवाज ऐकू येतो आणि कोणाचा दबतो. विद्युत् आलेख हीदेखील एक संहिताच. ती वाचणारा डॉक्टर कितीही निष्णात असो, उंबरठ्यावरच अडलेला संकेत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.