भुतिया, बायचुंग

(१५ डिसेंबर १९७६ – ). भारतीय फुटबॉलपटू आणि भारतीय संघाचे माजी कर्णधार. मायदेशी ईस्ट बेंगॉल, मोहन बागान व जेसीटी मिल्स आणि परदेशी बरी (इंग्लंड), पेराक व सेलांगोर एमके लँड (मलेशिया) या क्लबांकडून ते आघाडीला खेळले. जन्म दक्षिण सिक्कीममधील तिनकिताम या खेड्यात, शेतकरी कुटुंबात. प्राथमिक शिक्षण पाकयोंग येथे. नवव्या वर्षी भारतीय क्रीडा प्राधिकरणाची शिष्यवृत्ती मिळाल्याने ते गंगटोकच्या ताशी नामग्याल अकादमीत दाखल झाले. १९९२च्या सुब्रोतो चषक स्पर्धेत ते सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. भारताचे माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांनी त्यांचे गुण हेरले आणि १९९३मध्ये शाळा सोडून ते ईस्ट बेंगॉलमध्ये आले.

मायदेशी कारकीर्द : १९९५मध्ये भुतिया पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी मिल्सकडे गेले. सुखविंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखालील या संघात आय. एम. विजयन आणि कार्ल्टन चॅपमन होते. १९९६-९७मध्ये सुरू झालेली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जेसीटीने जिंकली. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स उपविजेता होता. या लीगमध्ये सर्वाधिक गोल भुतियांचे होते. विजयन चेंडू पायाशी ठेवून बचावपटूंना खेळवत, तर भुतिया चेंडू येण्याआधीच गोलपुढची मोकळी जागा गाठत. एकमेकांना इतके पूरक आघाडीपटू भारतीय क्लब फुटबॉलमध्ये क्वचितच एकत्र आले.

१९९७मध्ये ते ईस्ट बेंगॉलमध्ये परतले. त्याच वर्षी १३ जुलै रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर झालेला मोहन बागानविरुद्धचा फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना त्यांच्या कारकिर्दीतला सर्वाधिक नोंद झालेला सामना आहे. प्रेक्षकसंख्या १,३१,००० सांगितली जाते. बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता यांची ‘डायमंड’ व्यूहरचना त्या मोसमात गाजत होती आणि आदल्या फेरीत चर्चिल ब्रदर्सचा तिने धुव्वा उडवला होता. सामन्याआधी वर्तमानपत्रांतून दत्तांनी ईस्ट बेंगॉलच्या खेळाडूंची टिंगल केली, तिच्या तडाख्यातून भुतियांचे नावही सुटले नाही. ईस्ट बेंगॉलचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांनी मात्र तीच टिंगल आपल्या खेळाडूंना चेतवण्यासाठी वापरली. नझिमुल हक यांनी पहिला गोल केला, बागानतर्फे चिमा ओकोरी यांनी एक फेडला आणि भुतियांनी तीन गोल करून सामना ४-१ असा संपवला. त्यांतले शेवटचे दोन गोल वेळ संपत आली असताना झाले. बरोबरीसाठी बागानचा सारा संघ पुढे सरकला होता, आणि त्याच्या पाठीमागे पडलेल्या मोकळ्या मैदानात वेगवान आघाडीपटूला हवे ते सारे मिळाले. अंतिम सामन्यात मात्र गोव्याच्या साळगावकर संघाने ईस्ट बेंगॉलला हरवून चषक नेला. कोलकात्यात लिहिल्या गेलेल्या वर्णनांत हा शेवट बहुधा एखाद्या ओळीत उरकलेला असतो.

२००३मध्ये जकार्ता येथे झालेली आसियान क्लब स्पर्धा सुभाष भौमिक यांच्या ईस्ट बेंगॉलने जिंकली. गटसाखळीत फिलिपाइन आर्मी संघाविरुद्धचे सहाही गोल भुतियांचे होते. अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासना संघाचा ३-१ असा पराभव झाला. माइक ओकोरो, भुतिया आणि गोव्याचे अल्विटो डी’कुन्हा यांनी गोल केले. भारतीय क्लबने परदेशी भूमीवर मिळवलेल्या यशांत हे विजेतेपद अग्रभागी ठेवावे लागते. २००६मध्ये ते मोहन बागानमध्ये गेले व २००९मध्ये पुन्हा ईस्ट बेंगॉलमध्ये आले. हे दुसरे स्थलांतर कराराच्या प्रश्नावरून वादग्रस्त ठरले.

परदेशी कारकीर्द : फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन व ॲस्टन व्हिला या क्लबांतील चाचण्यांत निवड न झाल्यावर सप्टेंबर १९९९मध्ये ग्रेटर मँचेस्टरमधील बरी क्लबशी भुतियांनी तीन वर्षांचा करार केला. युरोपात खेळलेले पहिले भारतीय असा त्यांचा उल्लेख केला जातो, तो काटेकोर नाही. मोहमेडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम १९३६मध्ये ग्लासगोच्या सेल्टिककडून अनवाणी, पायांना पट्ट्या बांधून, दोन सामने खेळले होते. मात्र युरोपीय क्लबशी व्यावसायिक करार करून लीगचे सामने खेळण्याचा पहिला मान भुतियांकडेच जातो.

बरी तेव्हा इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे सेकंड डिव्हिजनमध्ये होता. ३ ऑक्टोबर १९९९ रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध भुतिया इयन लॉसन यांच्या जागी बदली खेळाडू म्हणून उतरले आणि बरीच्या दुसऱ्या गोलमध्ये त्यांचा वाटा होता. लीगमधला पहिला गोल १५ एप्रिल २००० रोजी चेस्टरफील्डविरुद्ध झाला. गुडघ्याची दुखापत पुन्हा पुन्हा उलटत राहिली. अखेरच्या मोसमात त्यांना जेमतेम तीन सामने मिळाले. २००२मध्ये क्लब आर्थिक संकटात सापडून खालच्या श्रेणीत घसरला आणि त्यांना मुक्त करण्यात आले. लीगचे ३७ सामने व ३ गोल एवढाच हिशेब पाहून या पर्वाला अपयश म्हणणे प्रस्तुत नोंदीला मान्य नाही. तिसऱ्या श्रेणीतील धसमुसळ्या, उंच चेंडूंच्या खेळात, बरेचदा राखीव बाकावरून उठून, एका भारतीयाने तीन मोसम संघातल्या जागेसाठी झुंज दिली, असे त्याआधी घडलेले नव्हते.

मलेशियात २००३मध्ये पेराककडून ८ सामन्यांत ४ गोल. २००५मध्ये सेलांगोर एमके लँडकडून थोडे सामने.

राष्ट्रीय संघ : प्रशिक्षक रुस्तम अक्रमोव्ह यांच्या काळात १९९५च्या नेहरू चषकात पदार्पण झाले आणि त्याच स्पर्धेत उझबेकिस्तानविरुद्ध पहिला गोल झाला. भारतातर्फे गोल करणारा सर्वांत तरुण खेळाडू असे त्यांना अनेक वर्षे म्हटले गेले. पण त्या गोलच्या वेळी सांगितले जाणारे १९ वर्षे हे वय त्यांच्या जन्मतारखेशी जुळत नाही, त्या तारखेनुसार ते १८ वर्षांचे होते. १९९९च्या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, गोव्याचे ब्रुनो कुतिन्हो आणि भुतिया यांच्या गोलांवर भारताने बांगलादेशला २-० असे हरवले. २००५मध्ये कराचीत पुन्हा बांगलादेशविरुद्धच अंतिम सामना जिंकला. तेव्हाचे गोल महेश गवळी व भुतिया यांचे. बॉब हॉटन प्रशिक्षक असताना भारताने २००७ व २००९चे नेहरू चषक जिंकले. १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानवर ४-१ असा विजय मिळाला. सुनील छेत्री यांनी तीन व भुतियांनी एक गोल केला आणि भारत १९८४नंतर प्रथमच आशियाई चषकास पात्र ठरला. या काळात भुतिया थोडे मागे राहून छेत्रींना चेंडू पुरवू लागले होते. वाढत्या वयाशी जुळवून घेण्याची ही हातोटी त्यांच्या गोलसंख्येइतकीच मोलाची आहे.

त्या आशियाई चषकात (दोहा, २०११) मात्र दुखापतीमुळे त्यांना दक्षिण कोरियाविरुद्ध अखेरची काही मिनिटेच खेळता आले. ऑगस्ट २०११मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. १० जानेवारी २०१२ रोजी दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्ध निरोपाचा सामना झाला. एकूण आंतरराष्ट्रीय सामन्यांबाबत एकवाक्यता नाही. भारतीय गणनेनुसार ते शंभर सामने खेळणारे पहिले भारतीय होत, तर आंतरराष्ट्रीय निकष लावणाऱ्या याद्यांत हा आकडा ऐंशीच्या आसपास आहे.

सन्मान : अर्जुन पुरस्कार, पद्मश्री (२००८). दक्षिण सिक्कीममधील नामची येथील स्टेडियमला त्यांचे नाव आहे.

इतर कार्य : २००६मध्ये फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढाकार. खेळाडूंच्या थकलेल्या मानधनाचे व दुखापतीच्या भरपाईचे प्रश्न या संघटनेने मांडले. २००८मध्ये तिबेटी जनतेच्या समर्थनार्थ त्यांनी ऑलिंपिक ज्योत वाहण्यास नकार दिला. युनायटेड सिक्कीम क्लबचे ते संस्थापक. राजकारणात ते तृणमूल काँग्रेसमध्ये व नंतर स्वतः स्थापलेल्या हमरो सिक्कीम पक्षात होते. सप्टेंबर २०२२मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांच्याकडून ३३-१ असा पराभव.