शंभर ग्रॅम आणि चार घास : नालवाडीहून दिसणारा लोहाचा इतिहास

पीएचडीला विषय शोधणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की इतिहासाचा विषय म्हणजे लढाई हवी, चळवळ हवी, निदान एखादा थोर माणूस तरी हवा. दीड वर्षाचं मूल नाचणीचं सत्त्व थुंकून टाकतं, डब्यातला बाळ-आहार तर तोंडातही घेत नाही, हा काय इतिहासाचा विषय झाला?

माझं म्हणणं असं की झाला. असं मूल घरात असलं की सल्ले सुरू होतात. पालक द्या, गूळ द्या, खजूर द्या, पोहे द्या, दूध वाढवा. 'नाहीतर रक्त कमी पडेल.' हे सल्ले आजी देते, शेजारीण देते, शाळेचं पाठ्यपुस्तकही देतं. हे सगळं नेमकं कुठून आलं, असा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडायला हवा. सल्ल्यालाही जन्मतारीख असते. कधी कधी तो एका माणसासाठी तयार होतो आणि दुसऱ्यालाच लागू केला जातो.

हा माग काढायला मी वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीपासून सुरुवात करतो.

नालवाडीच का?

विनोबा भावे २५ डिसेंबर १९३२ रोजी नालवाडीला राहायला आले आणि ७ मार्च १९३८ला पवनारला गेले. मधल्या काळात नालवाडी हे ग्रामसेवेच्या प्रयोगांचं ठिकाण झालं. १९३४ साली ग्रामसेवा मंडळ सुरू झालं. गोपाळराव वाळुंजकरांनी इथे मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर काम करणारं चर्मालय चालवलं. जवळच्या गोपुरीत जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवेला दिले. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव, कार्यालय मगनवाडीत.

या परिसरात अन्न हा राजकारणाचाच भाग होता. गिरणीच्या पांढऱ्या तांदळाऐवजी हातसडीचा, साखरेऐवजी गूळ, चक्कीऐवजी जात्याचं पीठ. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत कच्च्या पालेभाज्या, चिंच, कडुनिंबाचा पाला, सोयाबीन यांचे प्रयोग करत होते आणि 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहीत होते. विनोबा नालवाडीत सूतकताईच्या मजुरीवर जगता येतं का, हे तपासत होते. त्यासाठी दूध, भाजी, गहू, तेल सगळं तोळ्यांत मोजलेलं.

आता या प्रयोगांकडे वेगळ्या नजरेने बघा. प्रयोगाचा विषय कोण आहे? प्रौढ माणूस. स्वेच्छेने, निश्चयाने खाणारा. कडुनिंबाचा पाला समोर आला तर तो व्रत म्हणून चावून खाणारा. दीड वर्षाच्या मुलाला व्रत नसतं. त्याला चव नाही आवडली की विषय संपला.

नालवाडी-मगनवाडीची मंडळी चुकली, असं मला म्हणायचं नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता : गरीब माणसाला स्वस्तात, गावातच पिकलेलं, सकस अन्न कसं मिळेल? त्या प्रश्नाला पालेभाजी आणि गूळ हे चांगलं उत्तर होतं. घोटाळा पुढे झाला. तेच उत्तर जसंच्या तसं बाळाच्या वाटीत आलं.

तक्त्याचं एकक

दुसरा धागा तामिळनाडूतल्या कुन्नूरचा. तिथल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. गोपालन आणि सहकाऱ्यांचं प्रसिद्ध पुस्तक त्याच परंपरेतलं. आपल्याकडच्या गृहविज्ञानाच्या पुस्तकांतले तक्ते बहुतेक तिथूनच आलेले.

या तक्त्यांत प्रत्येक पदार्थाचा आकडा दर शंभर ग्रॅमला असतो. तुलनेसाठी ते सोयीचं आहे. पण शंभर ग्रॅम हे कुणाच्या पोटाचं माप नाही, दीड वर्षाच्या मुलाच्या तर नाहीच.

पोह्याचं उदाहरण घेऊ. गोपालन यांच्या पुस्तकात १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह आहे. २०१७ साली त्याच संस्थेने नवे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात तोच आकडा सुमारे ४.५ मिलिग्रॅम आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी आयसीएमआरची २०२० ची शिफारस रोज ८ मिलिग्रॅमची आहे. मूल २० ग्रॅम पोहे खातं असं धरू. जुन्या तक्त्याप्रमाणे त्याची निम्मी गरज भागली. नव्या तक्त्याप्रमाणे जेमतेम नववा हिस्सा. वाटी तीच, मूलही तेच.

पालकाचं तर आणखी गमतीचं आहे. जुन्या आवृत्तीत १०.९, नंतरच्या सुधारित आवृत्तीत १.१४, आणि २०१७ मध्ये २.९५ मिलिग्रॅम. गूळही ११.४ वरून २.६४ वर उतरला होता. पण 'पालक-गूळ म्हणजे लोह' हा सल्ला काही उतरला नाही. पुस्तक सुधारलं तरी त्यातून बाहेर पडलेलं वाक्य सुधारत नाही. सल्ल्यांचा इतिहास लिहायचा असेल तर हे वहीत लिहून ठेवा.

आकडे इतके का बदलले? एक कारण मोजण्याच्या पद्धती. दुसरं कारण 'वरून आलेलं' लोह : पानाला चिकटलेली माती, लोखंडी खलबत्ता, कांडणाची-दळणाची यंत्रं. प्रयोगशाळेत हे लोहही मोजलं जातं, पण मातीतलं लोह शरीराला फारसं लागत नाही.

आणि तक्त्यात अजिबात न दिसणारी गोष्ट म्हणजे शोषण. धान्य-डाळीतलं आणि पाल्यातलं लोह बहुधा १० टक्क्यांहूनही कमी अंगी लागतं. कोंड्यातलं फायटेट त्याला अडवतं, चहातलं टॅनिन अडवतं, दुधातलं कॅल्शियमही अडवतं. म्हणजे हातसडीच्या तांदळात लोह जास्त, पण त्याला अडवणारा कोंडाही जास्त. उलट लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतलं क जीवनसत्त्व त्याच घासातलं लोह वाढवून देतं. धान्य आंबवलं किंवा कडधान्याला मोड आणले की फायटेट कमी होतं. ज्वारीची आंबील आणि मोडाचे मूग ज्यांनी रूढ केले त्यांच्याकडे तक्ता नव्हता.

दुधाचं वेगळं सांगायला हवं. गोपुरीच्या गोसेवेने वर्ध्याला चांगलं दूध दिलं, त्याचं महत्त्व आहेच. पण गाईच्या दुधात लोह जवळपास नसतंच. आईच्या दुधातही ते कमी असतं, फक्त अंगी चांगलं लागतं. जन्मतः साठवलेलं लोह साधारण सहा महिने पुरतं. नंतरचं ताटातून यावं लागतं. जे मूल पेज नाकारतं त्याला घरचे 'निदान दूध तरी' म्हणून बाटली देतात. पोट भरतं, भूक मरते, आणि लोह येत नाही ते नाहीच.

ज्या ताटाची नोंद झाली नाही

नालवाडीच्या चर्मालयात मेलेल्या जनावराचं कातडं कमावायचं आणि हाडा-मांसाचं खत करायचं, असा विचार होता. त्याच काळात मृत जनावराच्या मांसाचा प्रश्न महाराष्ट्रात फार वेगळ्या अर्थाने पेटलेला होता. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते मांस सोडण्याचं आवाहन केलं होतं. तो आत्मसन्मानाचा प्रश्न होता आणि त्याला पोषणाच्या तराजूत घालणं हा उद्धटपणा ठरेल.

पण अभ्यासकाने एक पोकळी मात्र बघायला हवी. आश्रमांच्या आहारप्रयोगांत शाकाहार गृहीत आहे. त्यामुळे रक्ती, काळीज, वजडी, सुकट हे गरिबाघरचे पदार्थ त्या चर्चेत जवळपास येतच नाहीत. त्यातलं हीम लोह मात्र १५ ते ३५ टक्के शोषलं जातं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकावरचं पुस्तक म्हणूनच मला पोषणाच्या इतिहासाचं साधन वाटतं. 'पालक द्या' हा सल्ला ज्या घरात रविवारी बकऱ्याचं काळीज शिजतं तिथेही दिला जातो. असं का, याचं उत्तर जीवशास्त्रात सापडत नाही. त्या सल्ल्यात कुणाचं स्वयंपाकघर गृहीत धरलंय, तिथे ते सापडतं.

दुसरी नोंद न झालेली गोष्ट म्हणजे भांडं. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजली की भांड्यातलं लोह भाजीत उतरतं. इथिओपियात लहान मुलांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेल्या चाचणीत लोखंडी भांड्यात शिजवणाऱ्या घरांतल्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमवाल्या घरांपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं. आपल्याकडे लोखंडाच्या जागी 'जर्मन'ची पातेली आली, मग स्टील आलं. आंबट अंबाडीची भाजी तीच राहिली, कढई गेली. हा बदल घराघरात कधी झाला? आजीला विचारल्याशिवाय कळायचं नाही. मौखिक इतिहासाला इथे खरंखुरं काम आहे.

टक्केवारी वाचताना

आता आकड्यांकडे. वर्ध्याच्या ग्रामीण भागातल्या ६ ते ३५ महिन्यांच्या मुलांचा सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८०.३ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. गुळाचा आणि हिरव्या पाल्याचा प्रचार जिथून देशभर गेला, तिथली ही मुलं.

थांबा, लगेच निष्कर्ष काढू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांतलं प्रमाण महाराष्ट्रात चौथ्या फेरीत ५३.८ टक्के आणि पाचव्या फेरीत ६८.९ टक्के आहे. तिथे रक्त बोटाच्या टोकातून घेतात. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं. तिथे देशातल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्के आणि लोहाची कमतरता ३२ टक्के निघाली. वयोगट अगदी एक नाहीत, हे लक्षात ठेवून बघा. तरीही दोन गोष्टी दिसतात. रक्त कुठून घेतलं यावर आकडा हलतो. आणि रक्तक्षय म्हणजे दर वेळी लोहाचीच कमतरता नसते. जंत, मलेरिया, वारंवारचे आजार, सिकलसेल (विदर्भात हे विसरून चालणार नाही), बी-१२ आणि फॉलेटची उणीव, अशीही कारणं असतात.

त्यात सीमारेषाही हलते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये लहान मुलांसाठी ११ ग्रॅमची रेषा आखली. २०२४ मध्ये ६ ते २३ महिन्यांसाठी ती १०.५ वर आणली. १०.७ हिमोग्लोबिनचं दीड वर्षाचं मूल २०२३ मध्ये रक्तक्षयी होतं, आता नाही. मूल सुधारलं नाही, व्याख्या बदलली. वेगवेगळ्या दशकांतल्या टक्केवाऱ्या एकाच आलेखात मांडण्याआधी ही तपासणी करायलाच हवी.

शंभर ग्रॅमवरून एक मिलिवर

१९७० साली केंद्र सरकारने पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रम सुरू केला. १ ते ५ वर्षांच्या मुलांना २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, वर्षातून शंभर दिवस. २०१८ च्या 'ॲनिमियामुक्त भारत' मोहिमेत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी तेवढ्याच मात्रेचं सिरप आलं : आठवड्यातून दोनदा, एक-एक मिलि, मापून थेंब सोडणाऱ्या बाटलीतून, आशाताईंच्या देखरेखीखाली.

इतिहासाच्या नजरेने मला ही बाटली महत्त्वाची वाटते. इथे एकक बदललं. शंभर ग्रॅमच्या जागी बाळाच्या तोंडात मावेल एवढं माप आलं. पण त्याबरोबर प्रश्न ताटातून निघून औषधाच्या फडताळात गेला. सिरपने मुलाला काळं शौच झालं की घरचे घाबरून ते बंद करतात. शौच काळं होणं साधं आहे, पण तेवढं कुणीतरी आधी सांगायला लागतं. म्हणजे पुन्हा प्रश्न सल्ल्यावरच आला.

मग त्या पेज थुंकणाऱ्या मुलाचं काय?

एवढं वाचून कुणी विचारेल, आईने करायचं काय? इतिहासातून निघणारं उत्तर साधं आहे : पदार्थांची यादी बाजूला ठेवा आणि घास मोजा. मूल चारच घास खात असेल तर ते चार घास दाट हवेत. पातळ पेजेऐवजी तुरीच्या घट्ट वरणात कुस्करलेली भाकर, वर लिंबू. मोडाच्या मुगाचं धिरडं, हातात धरून खाता येईल असं. घरात चालत असेल तर अंडं, आणि थोडंसं काळीज बारीक करून भातात. लोखंडी कढईत परतलेली आंबट भाजी. चहा-टोस्ट बंद. दूध जेवणाच्या वेळेपासून लांब, आणि वर्षभराच्या पुढे दिवसाला साधारण दोन कपांच्या आत. सिरपची मात्रा आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारूनच. मूल मलूल, फिकट दिसत असेल तर आधी तपासणी. बाळ-आहाराचा डबा नाकारला म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्यात वरून घातलेलं लोह असतं म्हणून तो उपयोगी, एवढंच.

आणि आपल्यासाठी, म्हणजे संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांसाठी, तीन प्रश्न. कुठलाही आकडा समोर आला की विचारा : हे माप कुणाच्या सोयीचं आहे? कुठलाही सल्ला समोर आला की विचारा : हा मुळात कुणासाठी होता? आणि कुठलंही दफ्तर उघडलं की विचारा : कुणाचं ताट यात नाही?

नालवाडीच्या प्रयोगांत तोळ्या-तोळ्याचा हिशेब आहे. त्याच गावातल्या आयांनी त्या वर्षांत मुलांना काय भरवलं, मुलांनी काय थुंकलं, हे कागदावर फारसं आलं नाही. ते शोधायचं तर कागदाबाहेर जावं लागेल : जुन्या भांड्यांकडे, म्हाताऱ्या बायांकडे, अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदींकडे. प्रबंधाचा विषय म्हणून एवढं भरपूर आहे.