पिवळा बावटा आणि सोळा पायऱ्या

दरवर्षी साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पोर्ट लुईच्या बंदरात परदेशी शिडाच्या नौका दिसू लागतात. ऑस्ट्रेलियाकडून निघालेल्या या नौका कोकोस आणि रॉड्रिग्ज बेटांवरून इकडे येतात आणि चक्रीवादळांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी रियुनियनमार्गे दक्षिण आफ्रिकेकडे निघून जातात. कोदाँच्या धक्क्यावर फिरायला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी त्या पाहिल्या असतील. जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी या पाहुण्यांना काय काय करावे लागते, याचा विचार मात्र आपण सहसा करत नाही. आम्ही तो करू लागलो आणि थेट आपल्या पूर्वजांपर्यंत जाऊन पोहोचलो. कारण याच बंदरात, कोदाँपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, त्यांनाही जवळजवळ हेच प्रश्न विचारले गेले होते.

परदेशी नौकेला मुख्य बेटावर वाटेल त्या खाडीत नांगर टाकता येत नाही. तिने आधी पोर्ट लुईलाच यावे लागते. बंदर जवळ आले की नौकाचालक रेडिओवरून आपण आल्याचे कळवतो आणि पिवळा बावटा चढवतो. मग नौका जकातीच्या धक्क्याला लागते. आरोग्य, जकात, पारपत्र आणि किनारारक्षक दल या खात्यांचे अधिकारी कागद तपासतात. पारपत्रे, नौकेचा नोंदणीदाखला, माणसांची यादी आणि आधीच्या बंदराने दिलेला निघण्याचा परवाना दाखवावा लागतो. कोणी आजारी आहे का, दारू आणि तंबाखू किती आहे, बंदूक आहे का, कुत्रे-मांजर आहे का, हे सारे सांगावे लागते. पाण्याखाली मासे मारण्याच्या बंदुकीला तर आपल्या देशात बंदीच आहे. हे सर्व आटोपेपर्यंत कोणी गावात जायचे नसते. पुढे ग्राँ बेसारख्या ठिकाणी नौका न्यायची झाली तरी किनारारक्षक दलाला कळवावे लागते. जाताना पुन्हा तीच खाती, तेच कागद.

आज त्या पिवळ्या बावट्याचा अर्थ असा आहे की, आमच्या नौकेवर सर्व निरोगी आहेत, आम्हाला प्रवेश द्यावा. जुन्या काळी मात्र पिवळा बावटा दिसला की किनाऱ्यावरच्या माणसांना रोगाची धास्ती वाटे.

ती धास्ती आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ॲटलस जहाजातून 36 मजूर इथे उतरले आणि करारबद्ध मजुरीला सुरुवात झाली. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून जहाजे येत राहिली. आपले कोकणातले आणि घाटावरचे लोक मुंबईहून निघाले. जहाज आले की आधी त्यावरच्या माणसांची प्रकृती तपासली जाई. रोगाचा संशय आला तर त्यांना बंदरापासून दूर ठेवीत. 1856 साली कलकत्त्याहून आलेल्या प्रवाशांना गॅब्रिएल बेटावर उतरवले गेले. तिथे ना पुरेसा निवारा होता, ना औषधपाणी. कित्येक जण पटकीने तिथेच गेले. मॉरिशसचा डोंगर समोर दिसत असताना ते मॉरिशसला पोहोचलेच नाहीत.

जे वाचले, जे निरोगी ठरले, ते त्रू फाँफारोंच्या आगारात आले. 1849 साली उभारलेले हे आगार म्हणजे आजचा आप्रवासी घाट. होडीतून उतरून सोळा दगडी पायऱ्या चढल्या की कारकून पुढे असे. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळे नोंदवहीत उतरे आणि माणसाला एक क्रमांक मिळे. दोनएक दिवसांत मळ्याकडे रवानगी होई.

इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्या वाटतात. फरक पुढे आहे. नौकाचालकाला मिळणारा कागद त्याला पुढच्या प्रवासाला मोकळा करतो. आपल्या पूर्वजांचा कागद त्यांना मळ्याला बांधून ठेवण्यासाठी होता. परतीच्या मोफत प्रवासाचा हक्कही पुढे काढून घेण्यात आला. 1867 च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगणे सक्तीचे केले. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर पोलिसांची परवानगी लागे. कागद नसला की भटक्या म्हणून अटक. 1871 साली आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या पुढाकाराने 9,401 मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला आणि दुसऱ्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग इथे आला.

ज्या नोंदवह्यांनी पूर्वजांना बांधले, त्याच आज आपल्याला त्यांच्यापर्यंत नेतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जपून ठेवल्या आहेत. क्रमांक सापडला की गाव सापडते, जहाज सापडते, कधी कधी चेहराही सापडतो. पण एक अडचण आहे. कारकुनाने नाव कानाला लागले तसे रोमन अक्षरांत लिहिले. बापाचे नाव मुलाचे आडनाव झाले, ‘जी’ त्याला कायमचा चिकटला आणि मूळ आडनाव अनेक घरांत विसरले गेले. वर्गात हजेरी घेताना आम्हाला हे रोज जाणवते. मूल आपले नाव फ्रेंच वळणाने सांगते आणि त्यामागचे मराठी नाव आम्ही मनात जुळवत राहतो.

घरी ते नाव कसे उच्चारत, गावाचे नाव कसे घेत, हे नोंदवहीत मिळणार नाही. ते फक्त आजी-आजोबांच्या तोंडी आहे, आणि असे आजी-आजोबा आता थोडेच उरले आहेत. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. मोक्याला जाऊन क्रमांक जरूर शोधा, पण त्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा, नावे विचारा आणि ती देवनागरीत लिहून ठेवा. कारकुनाने एकदा ऐकून लिहिले होते. या वेळी आपण नीट ऐकून लिहू या.