गिरणीचा भोंगा आणि मनाचे आरोग्य

मानसिक आजारांविषयीचा कायदा आणि कामगार कायदा या दोहोंचा भारतातील प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. मात्र दोहोंनी एकमेकांची दखल घेण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. १८५८ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यांचा मुख्य हेतू अशा माणसाला कोठे ठेवायचे आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोणी पाहायची, हे ठरवण्याचा होता. १८८१ चा पहिला कारखाना कायदा यंत्रांभोवतीची कुंपणे आणि लहान मुलांच्या कामाचे तास एवढ्यापुरताच बोलत होता. रोज वेळेवर कामावर जाणाऱ्या, पण आतून खचत चाललेल्या माणसाला या दोन्ही कायद्यांत जागा नव्हती.

अशा माणसाची बाजू मुंबईत संघटितपणे मांडली गेली ती कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीतून. १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांनिशी तयार झालेल्या निवेदनात आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पहाटे साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची मर्यादा, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई या मागण्या होत्या. मानसिक आरोग्य हा शब्दप्रयोग त्या निवेदनात असण्याचे कारण नव्हते, तरीही झोप, उसंत, महिनाअखेरीची काळजी आणि उद्याची शाश्वती या मनाला थेट भिडणाऱ्या चारही गोष्टी त्यात आल्या होत्या, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने देशावरून आलेल्या कामगाराला ती परकी वाटण्याचा प्रश्नच नव्हता. पण मिळालेली उसंत टिकली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा उरली नाही आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९११ च्या कायद्याने तो बारा तासांवर आणला, १९२२ मध्ये आठवड्याचे ६० तास ठरले, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. म्हणजे या एका आकड्यासाठी लोखंड्यांच्या निवेदनानंतर बासष्ट वर्षे खर्ची पडली.

कायदा पोहोचत नव्हता तेथे मुंबईतील गिरणी कामगारांच्या वस्तीने, म्हणजे गिरणगावाने, आपली व्यवस्था उभी केली होती. कोकणातून किंवा घाटावरून एकटा आलेला कामगार एकाच गावच्या माणसांच्या सामाईक खोलीत राही. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाची वळकटी गुंडाळली जाई तेव्हा दुसऱ्याची उलगडे. जेवण खानावळवालीकडे असे, आणि कोण दोन दिवस जेवायला आला नाही, कोणाचे ताटावर लक्ष नाही, हे तिच्या नजरेतून सुटणे कठीण होते. भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि गावकीची मंडळे यांनीही माणसाला एकटे पडू दिले नाही. या जीवनाचे उदात्तीकरण मात्र करू नये. त्याच कामगाराची भरती, बढती आणि बडतर्फी जॉबरच्या, म्हणजे खात्यावरील मुकादमाच्या मर्जीवर असे आणि त्या मर्जीची धास्ती चोवीस तास मानेवर बसलेली असे. जॉबरची ही सत्ता मोडण्याच्या गरजेतूनच कामगार अधिकारी हे पद पुढे आले, १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. मनाच्या प्रश्नासाठी कारखान्याच्या आत उघडलेले हे पहिले दार होते. पुढे उपाहारगृह, पाळणाघर आणि तक्रारअर्ज यांच्या कागदपत्रांत ते बहुतांशी अडकून पडले.

दुसरीकडे ठाणे आणि येरवडा येथील मनोरुग्णालयांचा कारभार १९१२ च्या कायद्यानुसार चालत होता व त्यात दंडाधिकाऱ्याच्या हुकमाला मोठे स्थान होते. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे एक मनोरुग्ण खाट असताना भारतात ती सुमारे ४०,००० लोकांमागे एक असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. त्याच ऑगस्टमध्ये मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार १८ जानेवारीपासून संपावर होते, घरातील भांडी व दागिने विकले जात होते आणि अनेक कुटुंबे गावी परतत होती. देशातील एवढ्या मोठ्या श्रमिक समूहावर कोसळलेल्या या संकटाकडे मानसिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची दृष्टी नव्या कार्यक्रमात नव्हती; प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपचार पोहोचवण्यावर त्याचा भर होता. ती दृष्टी असती तर गिरण्या बंद झाल्यावर कामगारांच्या पुनर्वसनाची चर्चा निव्वळ घरे आणि थकीत देणी यांच्यापुरती राहिली नसती.

कामाच्या ठिकाणच्या ताणाचे नियोजन हा घटक जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात आला तो अकराव्या पंचवार्षिक योजनेत. २०१४ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरणानंतर आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला आणि विमा कंपन्यांना शारीरिक व मानसिक आजारांत भेद करण्यास मनाई केली. तरीही या कायद्याची कर्तव्ये मुख्यतः सरकारवर आहेत. काम कसे वाटले जाते, पाळ्या कशा लावल्या जातात, याबद्दल मालकाला तो जाब विचारत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या, शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या २९ व्यावसायिक रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा आणि सिलिकोसिस होते. मनाचा एकही आजार नव्हता.

पुढील धोरणाची खरी कसोटी येथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी व्यक्तीला ताण सोसायला शिकवण्याबरोबरच कामाची रचना बदलण्यावर भर दिला, आणि मुंबईच्या कामगारांनी १८८४ मध्ये मागितले होते ते याहून वेगळे नव्हते. आस्थापनांत समुपदेशकाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावणे सोपे असते. रात्री अकरा वाजता येणारा वरिष्ठांचा निरोप थांबवणे अवघड असते, कारण त्यासाठी मनुष्यबळ वाढवावे लागते. म्हणून कामाचे तास, पाळ्या आणि छळाच्या तक्रारी यांची तपासणी कारखाना निरीक्षकाप्रमाणे अधिकाराने करणारी यंत्रणा धोरणात असलीच पाहिजे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेची सामान्य मर्यादा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेची आहे. घरकामगार स्त्री आणि दुचाकीवरून घरपोच माल पोहोचवणारा तरुण यांच्या नशिबी बहुधा कोणतीच आस्थापना नसते, आणि गिरणगावातील खानावळवालीसारखी त्यांची रोजची विचारपूस करणारी व्यक्तीही आता क्वचितच आढळते.