टंचाईतून आलेला पत्रा

१९४७ साली इंग्लंडनं महायुद्ध जिंकलेलं होतं, पण पोलाद अजून रेशनवरच होतं. माल परदेशी विकून देशात पैसा आणणाऱ्या कारखान्यांना सरकार कोटा देताना झुकतं माप देई. रोव्हर कंपनी सुखवस्तू लोकांच्या मोटारी बनवणारी. तिच्या वाट्याला फारच थोडं पोलाद आलं. कंपनीच्या इंजिनिअरिंगची धुरा मॉरिस विल्क्स यांच्याकडे होती. वेल्समधल्या अँगलसी बेटावर त्यांची शेती होती आणि तिथं ते लष्करानं विकलेली अमेरिकन विलीज जीप वापरत. शेतकऱ्याच्या कामाची अशीच गाडी आपण काढावी, हे त्यांनी तिथंच मनावर घेतलं.

पण बॉडीला पत्रा कुठून आणायचा? युद्धकाळात कंपनीच्या सोलिहलच्या कारखान्यात विमानांची इंजिनं बनत होती. युद्ध संपलं, विमानांची मागणी आटली आणि ॲल्युमिनियम बाजारात मोकळं झालं. त्यांनी बर्माब्राइट नावाचा, मॅग्नेशियम मिसळलेला ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला. मोठ्या प्रेसच्या डाय बनवायला पैसा नव्हता, म्हणून पत्रा शक्य तितका सपाट ठेवून कडा दुमडल्या. या गाडीचा, म्हणजे लँड रोव्हरचा, तो चौकोनी तोंडवळा असा अडचणीतून आला. चॅसीला मात्र पोलादच हवं. तीही चार पट्ट्या एकमेकींना वेल्ड करून उभी केली. ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. दोन-तीन वर्षांची नड भागवायला काढलेल्या या गाडीचा वंश सोलिहलमध्ये जानेवारी २०१६पर्यंत चालला.

त्याच सुमारास मुंबईत माझगावला महिंद्रानं विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिची बॉडी पोलादी. मी रत्नागिरीत डेंटिंगचं काम करतो आणि माझा हात त्याच पत्र्यावर बसला. पोलादी पत्रा चेपला की मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, लावायची, पुढून हातोडी मारायची. ताणून फुगला असेल तर गॅसनं लाल करायचा आणि ओलं फडकं लावून आकसवायचा. फाटला तर वेल्ड मारायचा. एवढं काम तालुक्याच्या कुठल्याही गावात होतं. आपल्याकडे जीप खेडोपाडी टिकली त्याचं अर्धं श्रेय मी या पत्र्याला देतो.

ॲल्युमिनियम इतकं सोसत नाही. ठोकत राहिलं की ते कडक होतं आणि तडकतं, म्हणून आधी शेकून मऊ करावं लागतं. शेकताना ते लाल होत नाही. रंगात काही फरक दिसत नाही आणि साडेसहाशे अंशांच्या आसपास पत्रा डोळ्यांदेखत गळून पडतो. त्यासाठी जुने कारागीर पत्र्यावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासतात. साबणाची रेघ काळी पडली की ज्योत लगेच बाजूला. मला हे माझ्या उस्तादांनी शिकवलं आणि त्या काळ्या रेघेइतका भरवसा मी दुसऱ्या कशावर ठेवत नाही.

ॲल्युमिनियमला गंज नाही, म्हणून ते कायमचं, असं गिऱ्हाईक सांगतं. ते निम्मंच खरं आहे. लँड रोव्हरच्या दारांची चौकट पोलादी आणि वरची कातडी ॲल्युमिनियमची. दोन धातू चिकटून असले आणि मध्ये खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियमच झिजायला लागतं. रंगाला फोड येतात, फोड खरवडला की पांढरी भुकटी पडते आणि मागे भोक. मधला भाग धडधाकट, जोड मात्र खाल्लेला. खाली चॅसी पोलादाचीच, ती आपल्या गतीनं सडत असतेच. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगहून संदकफूला चढणाऱ्या १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर अजून धावतात, त्या पत्र्याइतक्याच तिथल्या मिस्त्रींच्या हातामुळे.

२००८पासून लँड रोव्हर कंपनी टाटांची आहे. तिच्या नव्या डिफेंडर गाडीला वेगळी चॅसी नाही, सगळा सांगाडाच ॲल्युमिनियमचा, स्लोव्हाकियात बनलेला. एके काळी नाइलाजानं घेतलेला धातू आता वजन वाचवायला मुद्दाम निवडतात. पण तो डिंकानं आणि रिव्हेटनं जोडलेला असतो. माझ्यासारख्यानं त्याला हात लावू नये.

कोकणात वापरायला जुनी गाडी घेणार असाल तर माझं मत पोलादी जीपच्या बाजूनं आहे. लँड रोव्हरच हवी असेल तर बॉनेटवर टिचक्या मारत बसू नका. मॅट उचला, दाराची खालची कड बोटानं चाचपा आणि टॉर्च घेऊन चॅसीखाली शिरा.