बायोप्सीचा ब्लॉक आणि त्यातील प्रथिनांची तपासणी

भंडाऱ्यात बायोप्सी झाली आणि पुढील उपचारांसाठी नागपूरला गेलात, की तिथले डॉक्टर बहुधा विचारतात, “ब्लॉक आणलाय का?” अनेक नातेवाईक फक्त रिपोर्टची फाइल घेऊन येतात आणि परत फेरी पडते.

काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून नंतर पॅराफिन मेणात बसवतात, तोच ब्लॉक. तो अनेक वर्षे टिकतो. त्याचे 3-4 मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढून तपासतात.

कर्करोग आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न असतो, त्याच्या पेशींवर कोणती प्रथिने आहेत? त्यासाठी आयएचसी ही तपासणी करतात. फॉर्मेलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकते, त्यामुळे ती लपतात. कापाला विशिष्ट द्रावणात उष्णता दिली की ती पुन्हा उघडी होतात. ही पद्धत 1991 मध्ये पुढे आली आणि जुन्या ब्लॉकचे मोल एकदम वाढले. मग त्या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तिथे सहसा तपकिरी रंग दिसतो.

स्तनाच्या कर्करोगात यावरच औषध ठरते. ईआर 1 टक्का किंवा अधिक पेशींत दिसले तर तो पॉझिटिव्ह धरतात आणि हार्मोनविरोधी गोळ्यांचा विचार होतो. हर-2 ‘3+’ असेल तर ट्रॅस्टुझुमॅबसारखी औषधे उपयोगी पडू शकतात. ‘2+’ म्हणजे अनिश्चित. अशा वेळी त्याच ब्लॉकवर सहसा फिश तपासणी करतात. उपचार लांबवले जात आहेत, असे समजू नका.

आपल्याकडे खर्ऱ्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे निदान मात्र बहुतेकदा साध्या स्लाइडवरच होते. तिथे आयएचसीचा आग्रह धरू नका, उगाच खर्च होतो.

ब्लॉकमधील प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटरने एकाच वेळी हजारोंच्या संख्येने मोजता येतात, पण ते अजून मुख्यतः संशोधनाचे काम आहे. स्तन, तोंड आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील जनुके व प्रथिने अभ्यासण्यासाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी 2018 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेशी करार केला.

तुकडा सलाइनमध्ये तसाच पडून राहिला तर प्रथिने खराब होतात आणि खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून बायोप्सीच्या दिवशीच विचारा, “फॉर्मेलिनमध्ये ठेवलाय ना?” ब्लॉक नेताना त्यावरचा क्रमांक रिपोर्टशी जुळवून पाहा. मे महिन्यात तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडते. एका दवाखान्यात ब्लॉक दिलात तर पावती घ्या आणि काम झाल्यावर तो परत मागा.